वसंताचं एकेरी तिकीट

माकणी, ता. लोहारा
९ डिसेंबर २०२४

वसंता,

सुखी राहा. तब्येत बरी हाय असंच धरून चालते, कारण तू कळवत तर न्हाईस.

फोनवर विचारलं असतं, पण माझ्या कानाचं तुला माहीत हाय. यंत्र घातलं की ते शिट्टी मारतं, काढलं की तू व्हय म्हणालास का न्हाय म्हणालास तेच कळत न्हाय. म्हणून लिहिते. तूबी लिहूनच उत्तर दे. उत्तरेश्वरला फोन करून निरोप सांगू नको, माझा पोरगा निरोप अर्धाच पोचवतो.

काल रामहरी आला होता. आपल्या गावचा, तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला कुंकवाचं दुकान हाय तो. चहा पिता पिता म्हणाला, "कमलकाकू, तुमचे सर निघाले की कॅनडाला, पोराकडं. फेब्रुवारीत. तिकीटबी आलं." म्या म्हणाले, "व्हय, माहीत हाय मला." दुसरं काय म्हणणार? सख्ख्या भावाची बातमी मला कुंकवाच्या दुकानदाराकडून कळली असं सांगू? मंग तो म्हणाला, "पण तिकीट नुस्तं जायचंच हाय म्हणं. यायचं न्हाय." आणि माझ्याकडं असं बघितलं की मला हातातली बशी खाली ठेवावी लागली.

वसंता, लोक तिरुपतीला निघाले तरी यायचं रिझर्वेशन आधी करतात. तू सातासमुद्रापलीकडं चाललास आणि यायचं तिकीट न्हाय, ह्याचा अर्थ काय धरू? धोंडप्पाचं आठवतंय न्हवं? पोरगा पुण्याला घेऊन गेला, चार महिने राहा म्हणाला, आणि मागं इथलं घर विकून मोकळा झाला. धोंडप्पा पुन्हा गावात दिसला न्हाय.

तुझी अनसूया असती तर तिनं विचारलं असतं. ती जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून म्या विचारते. तिकीट कुणी काढलं, उत्कर्षनं का? घराचं काय ठरलं? कुठल्या कागदावर सही केलीस का? केली नसशील तर करू नको.

तुझी अक्का


तुळजापूर
१६ डिसेंबर २०२४

ति. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. मी तुला सांगणारच होतो. व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही असं ठरवलं होतं. रामहरीला कसं कळलं ते देवीलाच ठाऊक.

तिकिटात काही काळंबेरं नाही. विमानाचं भाडं म्हणजे एस.टी.चं भाडं नव्हे. एकाच खुर्चीचा भाव सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. मुंबईहून बसलं तर महाग पडतं, हैदराबादहून स्वस्त, आणि आपल्याला जवळही हैदराबादच. शनिवार-रविवारी जास्त, बुधवारी कमी. नाताळात निघू नये, मे महिन्यात निघू नये. फेब्रुवारीत विमानं अर्धी रिकामी असतात. मधल्या विमानतळावर अकरा तास बसायची तयारी असेल तर आणखी उतरतं. फक्त दोन वेगवेगळी तिकिटं जोडून काढायची नाहीत, नाहीतर मधेच बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. मोबाईलवर अशी सोय आहे की भाव पडला की तोच टिंग करून सांगतो.

परतीचं तिकीट आत्ता काढलं तर तारीख आत्ताच ठरवावी लागते, पुढं बदलायला दंड. म्हणून आत्ता जायचं तेवढं, यायचं नंतर भाव बघून. व्हिसा पालकांचा आहे, त्यावर बरेच दिवस राहता येतं, त्यामुळं घाई नाही.

हे सगळं उत्कर्षनं ठरवलं. मला त्यातलं काय कळतंय? तो म्हणाला या, मी म्हटलं बरं.

घर कुठं जात नाही. दिवाळीपर्यंत परत येईन असं वाटतं. उत्तरेश्वरला, शिवकन्येला आशीर्वाद.

वसंत


माकणी
२८ डिसेंबर २०२४

वसंता,

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, शिवकन्येकडूनबी वाचून घेतलं. भाड्याचं पानभर लिहिलंस. कधी येणार ते एका ओळीत, त्यातबी "असं वाटतं". मला त्यातलं काय कळतंय म्हणतोस आणि बुधवार, अकरा तास, टिंग, सगळं तोंडपाठ लिहितोस. पोरानं तुला चांगलंच पढवलेलं दिसतंय.

म्या गप बसले न्हाय. गुडघ्याच्या गोळ्या आणायला सूनबाईबरोबर उमरग्याला गेले होते. तिथं हायवेला एक ट्रॅव्हल्सवाला हाय, दुबईला जाणारी पोरं त्याच्याकडून तिकिटं काढतात. शिवकन्येनं त्याला विचारलं, हैदराबादहून कॅनडाचं एकेरी तिकीट स्वस्त का रिटर्न? त्यानं कंप्युटर बघितला आणि म्हणाला, "मावशी, एवढ्या लांबच्या विमानात एकेरी स्वस्त पडतंच असं न्हाय. रिटर्न काढलं तर वर थोडेच लागतात. कधीमधी तर रिटर्नच कमी पडतं." म्या त्याला कानाजवळ येऊन पुन्हा बोलायला लावलं. मंग विचारलं, "असं हाय तर एकेरी काढतं कोण?"

तो म्हणाला, "ज्याला यायचं नसतं तो."

शिवकन्येनं माझा हात धरला, म्हणाली चला आत्या. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

आणखी ऐक. रामहरी पुन्हा भेटला. तुझ्या दारात टेम्पो उभा होता आणि अनसूयेचं लोखंडी कपाट त्यात चढवत होते असं सांगत होता. एक माणूस टेप धरून भिंती मोजत होता म्हणं. हे भाव बघून यायच्या माणसाचं घर हाय का?

उत्कर्ष माझ्या मांडीवर वाढलाय, मला त्याच्याविषयी वंगाळ बोलताना बरं वाटत न्हाय. पण त्याची आई गेली तवा तो तिसऱ्या दिवशी उगवला. तवा तिकीट मिळंना. आता बापाला न्यायला कसं झटक्यात मिळालं, आणि तेबी एकेरी? तू मास्तर माणूस, कागद पुढं केला की सही करशील. करू नको.

अक्का


तुळजापूर
४ जानेवारी २०२५

अक्का,

कपाट मीच दिलं, शेजारच्या पुजाऱ्यांच्या मुलीला. तिचं लग्न आहे. टेपवाला रंगारी होता. घर बँकेतल्या एका जोडप्याला भाड्यानं देतोय, बंद घर खराब होतं म्हणून.

पोराला बोल लावू नकोस, तुझ्या पाया पडतो. आणि ट्रॅव्हल्सवाल्यांकडं चौकश्या करत फिरू नकोस, लोक हसतात.

बाकी संक्रांतीला माकणीला येतोच आहे, तेव्हा समोरासमोर बोलू.

वसंत


माकणी
१७ जानेवारी २०२५

उत्कर्ष,

मोठा हो. हे पत्र उत्तरेश्वर फोटो काढून तुला धाडणार हाय. त्याला वाचू नको म्हणून सांगितलंय, तरी तो वाचणारच. वाचू दे.

तुझा बाप संक्रांतीला आला न्हाय. अनसूया गेली त्या वर्षीसुद्धा तो आला होता, माझ्या हातचा तिळगूळ घेऊन मुकाट बसला होता. या वर्षी सकाळपासून दारात बसले. दुपारी फोन आला, पाय दुखतोय. माझ्यापर्यंत एवढंच पोचलं. पाय दुखणारा माणूस तिथं बर्फात काय चालणार हाय?

मला घुमवून बोलता येत न्हाय, सरळ विचारते. तू बापाला न्यायला लागलास का तिथं नेऊन ठेवायला? नेणारा माणूस रिटर्न काढतो. रिटर्नला थोडेच जास्त लागतात हे म्या उमरग्यात विचारून आले, मला आता कुणी शिकवू नका. इथं घरात भाडेकरू येतोय, कपाटं वाटली जातायत, भिंतीला रंग लागतोय. हे तुझ्या सांगण्यावरून चाललंय ना? तुला पोरगी सांभाळायला माणूस पाहिजे असंल तर तसं स्पष्ट सांग. म्हातारा माणूस पगार मागत न्हाय, सुट्टी मागत न्हाय, आणि यायचं तिकीट नसलं की परत जातोबी म्हणत न्हाय.

तुझी आई गेली तवा तुला तिसरा दिवस उजाडला. ते म्या पोटात ठेवलं होतं. आज लिहिते.

खरं काय ते कळव.

आत्या


एडमंटन
१९ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसात उघडलं. त्यानंतरची मीटिंग काय झाली मला आठवत नाही. घरी येऊन तुमच्या सुनेला, निकिताला दाखवलं. ती म्हणाली, आज लिहू नकोस, रागात आहेस. म्हणून एक दिवस थांबून लिहितोय. उत्तरेश्वरदादाला हे छापून तुमच्या हातात द्यायला सांगितलंय.

आई गेली तेव्हाचं आधी सांगतो. बाबांचा फोन आला आणि जे पहिलं विमान मिळालं त्यात बसलो. भाव बघितला नाही. परत कधी यायचं हे डोक्यातही नव्हतं, म्हणून ते तिकीटही वन-वेच होतं. दोन ठिकाणी विमान बदलून, हैदराबादहून टॅक्सी करून पोचलो, तर तिसरा दिवस होता. तेव्हा मला कुणीच विचारलं नाही की अरे, तुझं परत जायचं तिकीट कुठंय.

आता बाबांचं. तुमचा ट्रॅव्हल्सवाला खरं बोलला. मी रिटर्नच काढणार होतो. फेब्रुवारीत यायचं, ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी परत जायचं, असं शोधून त्यांना पाठवलंही होतं. ते म्हणाले, थांब. मग त्यांनी स्वतः शोधायला घेतलं. रोज मला स्क्रीनशॉट येत होते. हैदराबादहून, बेंगळुरूहून, बुधवारचं, गुरुवारचं, आणि सगळी वन-वे. एकदा त्यांनी दोन तुटक तिकिटं जोडून फार स्वस्त काढलं होतं, मी नको म्हटलं तेव्हा चक्क रुसले. परतीचं विचारलं की म्हणायचे, ते माझं मी बघतो. शेवटचं तिकीटही त्यांनीच निवडलं. माझं फक्त कार्ड वापरलं. घर विकून टाकू का, असंही त्यांनीच विचारलं होतं. मीच नको म्हणालो, भाड्यानं द्या म्हणालो.

व्हिसाचे कागद आम्ही उन्हाळ्यातच दिले होते. येतो, असं ते स्वतःहून म्हणाले. मी बोलावलं नव्हतं. बोलवायची हिंमत झाली नव्हती.

खरं सांगू का आत्या? मला तुमच्यावर संशय होता. दिवाळीत ते माकणीला येऊन गेले, आणि त्यानंतर तुमचं नाव काढलं की ते गप्प होतात. मला वाटलं, उत्तरेश्वरदादाशी काही बोलाचाली झाली असेल, कुणी टोचून बोललं असेल, म्हणून त्यांना परत यायचंच नाही. विचारलं तर म्हणाले, "अक्काला सगळं सांगितलंय, ती खूश आहे."

तुमचं पत्र वाचल्यावर कळलं की त्यांनी तुम्हाला एक सांगितलं आणि मला दुसरंच. का, ते मला माहीत नाही. मला ते सांगणार नाहीत. तुम्ही विचारा.

उत्कर्ष


माकणी
२१ जानेवारी २०२५

वसंता,

सोबत तुझ्या पोराचं पत्र हाय. आधी ते वाच, मंग माझं.

सोन्यासारख्या पोराला म्या काय काय बोलले. तू ते होऊ दिलंस. त्याच्या पाठीमागं लपून बसलास.

हे वाचून म्या शिवकन्येला पुढं बसवून विचारलं, दिवाळीत मामांना काय बोललीस? भाकरी उशिरा वाढलीस का? तोंड वाकडं केलंस का? ती रडली आणि आईकडं जाते म्हणाली. उत्तरेश्वर माझ्याशी बोलत न्हाय. घरात तीन माणसं, तीन खोल्यांत.

आता तरी सांग. कुणी काय केलं तुझं? का म्याच काही केलं?

अक्का


तुळजापूर
२६ जानेवारी २०२५

ति. अक्का,

कुणी काही केलं नाही. शिवकन्येला माझ्या वतीनं सांग, तिनं दिवाळीत मला गरम भाकरीशिवाय एक घास दिला नाही. मी तिला फोन केला होता, पण तिनं उचलला नाही, आणि तिचं बरोबर आहे.

उत्कर्षनं लिहिलंय ते खरं आहे. तिकीट मी शोधलं, मीच ठरवलं. आता सगळं सांगतो.

अनसूया गेल्यावर पहिलं वर्ष माणसांच्या ये-जा करण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी घर शांत झालं. तुला वाटेल, तुळजापुरात राहून शांत कसं? बारा महिने गर्दी, बसेस, हलगी, देवीचे पेटते पोत. पण ती गर्दी माझी नव्हे. सोलापूरच्या गाड्या येतात, माणसं उतरतात, दर्शन घेतात, निघून जातात. मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसायला लागलो. कुठं जायचं म्हणून नव्हे, माणसं एकमेकांशी बोलतात ते ऐकायला. एकदा विजापूरकडची एक मंडळी लॉज विचारत आली. मी त्यांना वाट दाखवली, मग त्यांची बॅग उचलली, मग त्यांच्याबरोबर वरच्या मजल्यापर्यंत गेलो. त्या गृहस्थानं मला वीस रुपये दिले. मी ते घेतले, अक्का. नाही म्हटलं असतं तर मग मी कशाला आलो होतो, हे सांगावं लागलं असतं.

त्याच सुमारास व्हिडिओवर अक्षरा मला विचारायला लागली, आजोबा, 'ळ' कसा काढायचा. सहा वर्षांची पोर. शाळा सुटल्यावर आईबाप कामावरून येईपर्यंत ती दुसऱ्यांच्या घरी बसते. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, मी येऊ का तिकडं? उत्कर्षनं तिच्या हातातून मोबाईल घेतला. मग म्हणाला, खरंच याल?

कागद दिले. आणि त्यानंतर दिवाळी आली. तू मला पुढची खोली दाखवलीस. म्हणालीस, वसंता, इथंच राहा आता. आणि मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, मरेपर्यंत तुळजापूर सोडणार नाही. तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसासाठी गेलेला होता.

तुला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं, याचा विचार कर. तुझ्या घरी मला पाहुण्यासारखं वाढतील, बसा म्हणतील, काही करू देणार नाहीत. तिथं कॅनडात मला काम आहे. म्हणजे तुझ्यापेक्षा तिकडं राहावंसं वाटतं, हेच सांगायचं होतं. ते माझ्यानं झालं नाही. पोरानं बोलावलं, पोरानं तिकीट काढलं, असं म्हटलं की मी सुटत होतो. तू त्याच्यावर एवढी तुटून पडशील असं वाटलं नव्हतं. खरं तर पहिल्या पत्रातच कळलं होतं. तरी मी थांबवलं नाही.

परतीचं तिकीट का नाही, तर त्याचंही ऐक. मी भाव बघत नव्हतो. परतीच्या रकान्यात तारीख घालायची असते. मी ऑक्टोबर घालायचो, मग पुसायचो. जून घालायचो, पुसायचो. लवकरची घातली तर वाटायचं, मग जायचं कशाला? उशिराची घातली तर तुझं वय डोळ्यापुढं यायचं. मला यायचं नाही असं नाही. मला कधी यायचंय, हे मला ठरवता आलं नाही. एकेरी काढलं की तो रकानाच नसतो.

संक्रांतीला पाय दुखत नव्हता. तुझ्या तोंडाकडं बघता आलं नसतं.

वसंत


माकणी
४ फेब्रुवारी २०२५

वसंता,

इतके दिवस उत्तर दिलं न्हाय कारण राग होता. अजून हाय, पण पुढच्या बुधवारी तुझं विमान, म्हणून लिहिते.

त्या पुढच्या खोलीत तुझ्यासाठी उत्तरेश्वरनं फरशी घातली, कमोड बसवला, पंखा लावला. दिवाळीत तू न्हाय म्हणालास तवा म्या म्हणाले, जाऊ दे, त्याला त्याचं घर सुटत न्हाय. त्यात मला समाधान होतं. आता कळलं की घर सुटत होतं, माझ्याकडंच येणं होत नव्हतं. हे वाचायला लई जड गेलं. खोलीत आता सोयाबीनची पोती हायत.

पण तू दुसऱ्याची बॅग उचललीस आणि वीस रुपये घेतलेस, ते वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. शिवकन्येनं विचारलं, काय झालं? म्या काही सांगितलं न्हाय. ते कुणालाच सांगणार न्हाय. एवढं एकटं पडला होतास तर मला एक पत्र टाकायचं होतं. म्या तुझ्याशी भांडायला तरी आले असते.

शिवकन्येची माफी मागितली. ती आईकडं गेली न्हाय. उत्कर्षला बी लिहिलं. त्यानं उत्तर धाडलं, आत्या तुमच्या जागी मी असतो तर मीबी हेच केलं असतं. एवढ्या शहाण्या पोराला तू खोटं पाडलंस.

टॅक्सी करू नको. उत्तरेश्वर जीप घेऊन मंगळवारी तुळजापूरला येईल. म्या उमरग्याला हायवेवर उभी राहीन, तिथून मला घ्या. नको म्हणू नको. तू त्या विमानात बसतोस का आणखी कुठं जातोस, ते म्या माझ्या डोळ्यांनी बघणार हाय. तुझ्यावर माझा आता भरवसा न्हाय.

अक्का


एडमंटन
२ मार्च २०२५

ति. अक्का,

नमस्कार. कागदावर लिहून शिवकन्येच्या फोनवर पाठवतोय. मोठं करून वाच.

हैदराबादला तू पहारेकऱ्याशी भांडत होतीस ते मी आतून बघत होतो. तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत हे त्यानं तुला हिंदीत, तेलुगूत, हातवारे करून सांगितलं, आणि तू त्याला आपल्या मराठीत सांगत होतीस की आमचा माणूस खोटं बोलतो, त्याला नीट बघा. उत्तरेश्वर मागं उभा राहून हसत होता. गाडीत सहा तास तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि उतरताना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असा हातात कोंबलास की मला लागलं.

मला काउंटरची भीती होती. परतीचं तिकीट विचारलं तर काय सांगायचं, याची मी वाक्यं पाठ केली होती. त्या पोरीनं पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला आणि म्हणाली, अंकल, बॅग ठेवा. बस. अख्ख्या जगात तुला सोडून कुणालाच माझ्या परतीची पडलेली नव्हती.

मधले अकरा तास फार वाईट गेले. स्वस्त तिकीट शोधताना अकरा हा नुसता आकडा वाटतो. तिथं खुर्चीत बसून कळतं. पुन्हा असं कधी करणार नाही.

इथं पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नाही. पहिले आठ दिवस मी बाहेरच पडलो नाही. एकदा तर उत्कर्षला म्हणालो, माझं तिकीट बघ रे, जातो मी. तो मोबाईल काढून बघायला लागला. निकितानं त्याच्या हातातून मोबाईल घेतला. हे तुला सांगतोय, कारण इथून पुढं तुला बरं बरं लिहायचं नाही असं ठरवलंय.

नवव्या दिवशी मी अक्षराला आणायला स्टॉपवर गेलो. पिवळी बस आली. ती उतरली, माझं बोट धरलं, आणि चालता चालता विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी जाणार?" मला वाटलं, हिला मी नकोसा झालो. घरात आपली खोली मला द्यावी लागलीय तिला. मी विचारलं, "का गं?" म्हणाली, तिच्या वर्गातल्या मुलीचे आजी-आजोबा येतात, आणि ज्या दिवशी येतात त्याच दिवशी जायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. मग ती मुलगी रोज मोजते, आणि शेवटी शेवटी त्यांच्याशी बोलतच नाही. "तुमची तारीख आईनं लिहिली नाहीये. तुम्ही लपवलीये का?"

मी म्हटलं, "नाही. मला खरंच माहीत नाही."

ती थांबली, माझ्याकडं नीट बघितलं, तुझ्यासारखंच, डोळे बारीक करून. खोटं बोलतोय का ते बघितलं. मग म्हणाली, "ओके," आणि उड्या मारत पुढं गेली. मी घसरलो तर मागं आली, दोन्ही हातांनी मला धरलं.

अक्का, दिवाळीपर्यंत येईन असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. येणार नाही असंही लिहिलं तर तेही खोटंच होईल. मला माहीत नाही. त्या पोरीला दिलं तेच उत्तर तुला देतोय, आणि ते खरं आहे.

वसंत


माकणी
९ मार्च २०२५

वसंता,

पत्र वाचलं. शिवकन्येनं मोठं करून दिलं, पण तू घसरलास तिथं म्या पुन्हा लहान करून बघितलं, पुढं मागं काही लपवलंस का म्हणून. काही दिसलं न्हाय.

माहीत न्हाय हे उत्तर चालतंय मला. खोटी दिवाळी नको होती. तुला वाटलं असंल अक्का रडत बसली. पहिले चार दिवस बसले. मंग हरभरा काढायला आला, आणि घरात बसायला वेळ कुणाला हाय?

पोती विकली. खोलीत शिवकन्येला शिलाई मशीन टाकायचं होतं, तिनं विचारलं, टाकू का आत्या? म्या म्हणाले टाक. तू आलास तर मशीन बाजूला सरकवू. तवाचं तवा.

काल देवळात हिंमतराव भेटले. मोठ्यांदा विचारलं, "भाऊ कधी येणार?" म्या म्हणाले, "माहीत न्हाय." ते म्हणाले, "म्हणजे? तिकीट न्हाय काढलं?" म्या म्हणाले, "न्हाय काढलं." त्यांनी बायकोकडं बघितलं, बायकोनं माझ्याकडं बघितलं. आता गावभर होणार की कमलच्या भावाचं काहीतरी बिनसलंय आणि ती झाकायला लागली हाय. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुठल्या बाईचा भाऊ असा गेला असता तर म्याबी तसंच म्हणाले असते.

म्हणू दे. पायरीवर बसून चप्पल घातली आणि घरी आले.

अक्षराला सांग, तुझी आत्याआजी डोळे बारीक करते ते बरोबर करते. तूबी करत जा. तुझ्या आजोबाला गरज हाय त्याची.

अक्का